बुजगावण्याची वर्दी

भगवंतरावांच्या हरभऱ्यात उभं असलेलं बुजगावणं मंगळवारी सकाळी आरोपी झालं. कागदावर नाव भगवंतरावांचं होतं, पण ते केवळ बुजगावण्याकडे आधार कार्ड नव्हतं म्हणून. शिरपूर-मालेगाव रस्त्याच्या वळणावर तोतया पोलीस उभा करून जनतेची फसवणूक केली, असा शेजारच्या शेतातल्या जानरावांचा तक्रारअर्ज होता, आणि ठाणेदारांनी गुरुवारी दोघांनाही ठाण्यात बोलावलं होतं.

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. भगवंतरावांना ती सोय नव्हती. त्यांचं वय चव्वेचाळीस. गावच्या पोलीस पाटलाची जागा निघाली होती, पंचेचाळिशीनंतर अर्ज चालत नाही, आणि त्यांचा अर्ज चारित्र्य पडताळणीसाठी याच ठाण्यात पडला होता. म्हणजे एकाच टेबलावर, एकाच पेपरवेटखाली, भगवंतरावांचं चारित्र्य आणि बुजगावण्याचं चारित्र्य शेजारी शेजारी.

खरा दोष रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा होता. आधीचं बुजगावणं भगवंतरावांच्या लग्नातला कोट घालून उभं असे. घोड्याएवढे रोही त्याला इतके सरावले, की हरभरा खाऊन झाला की त्यालाच पाठ घासून जात. मग भगवंतरावांच्या पत्नी जिजाबाईंनी माहेरून भावाची जुनी वर्दी आणली. भाऊ हवालदार म्हणून निवृत्त झाला होता आणि निवृत्तीच्या बरीच वर्षं आधी त्या वर्दीत मावेनासा झाला होता. टोपी, पट्टा, शिट्टी, सगळं चढवलं. दुसऱ्या दिवसापासून रोही गायब. शिवाय मोटरसायकलवरून तिघं आले, की वळणाच्या अलीकडे त्यातला एक उतरून पायी चालू लागे.

तक्रारीची बातमी फुटताच चहाच्या टपरीवर भगवंतरावांना बचाव मिळू लागले. एक म्हणाला, बुजगावणं त्या दिवशी शेतात नव्हतंच, असं सांगा. दुसऱ्याने वेडाचं सर्टिफिकेट सुचवलं. ते बुजगावण्याचं काढायचं की भगवंतरावांचं, यावर बराच वेळ गेला. शेवटी भगवंतराव आणि जिजाबाई मालेगावला पुतणीकडे गेले. वैजयंतीला वकिली सुरू करून दोन वर्षं झाली होती आणि घरचा हा तिचा पहिला आरोपी होता.

"काका, कलमात हेतू पाहातेत," ती म्हणाली. "हा पोलीस हाये असं समोरच्याले वाटावं, असा तुमचा हेतू होता का?"

"होता ना."

"काका."

"रोह्याले वाटावं म्हून. माणसाचं म्या काई ठरवलंच नव्हतं."

वैजयंतीने लिहून घेतलं. हेतू फसवणुकीचा, पण फसवायचं जनावराला. स्वतःच्या मालाचं रक्षण, हा दुसरा मुद्दा. तिसरा प्रामाणिक गैरसमजाचा. माणसाने खरंच चुकीचं समजून एखादी गोष्ट केली, तर कायदा ते पाहतो.

"पण हा तिसरा तुमच्या कामाचा नाई," ती म्हणाली. "बुजगावणं हाये, हे तुमाले पक्कं ठाऊक होतं."

"मंग?"

"राहू द्या. ठेवू शिल्लक."

जानरावांनी तक्रार काहून केली, असं तिने विचारलं, तेव्हा जिजाबाईंनी तोंड उघडलं. रविवारी दिवस मावळताना त्या तुरीआड गवत कापत होत्या. जानराव मोटरसायकलवर मागे पोतं बांधून आला, वळणावर वर्दी पाहिली आणि गाडीसकट आडवा झाला. गुडघा फुटला. तसाच उठून त्याने हात जोडले आणि दहा मिनिटं बुजगावण्याला सगळं सांगितलं: पोत्यात स्प्रिंकलरचे बावीस नोझल आहेत, ते भगवंतरावांचे आहेत, मागच्या वर्षीचा पाइपही आपणच नेला. बुजगावणं काहीच बोलेना, तेव्हा त्याला संशय आला.

"मले आधी काहून नाई सांगितलं?" भगवंतरावांनी विचारलं.

"तुमी अर्जाच्या पायी दोन दिवस कोनाचं आयकून राह्यले का?"

गुरुवारी ठाण्यात वैजयंतीने ही हकिकत मांडली, तेव्हा जानराव डगमगले नाहीत. त्यांनीही टपरीवर चहा प्यायला होता.

"साहेब, पोलिसापुढं देल्लेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाई," ते म्हणाले. "मले कायदा मालूम हाये."

"अगदी बरोबर," वैजयंती म्हणाली. "म्हणजे तो पोलीस होता. मग तोतयाची तक्रार कायची?"

जानरावांनी विचार केला. "नाई, नाई. बुजगावनंच होतं ते."

"मग बुजगावण्यापुढं देल्लेला जबाब चालतो."

जानरावांनी ठाणेदारांकडे पाहिलं. ठाणेदार खिडकीबाहेर पाहत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. बराच वेळ जानराव एकदा पोलीस म्हणाले, एकदा बुजगावणं म्हणाले, आणि शेवटी आपण नोझल फक्त वापरायला नेले होते, असं म्हणून अर्ज मागे घेऊन मोकळे झाले. भगवंतरावांनीही शेजारधर्म म्हणून विषय वाढवला नाही. ठाणेदारांची एकच अट होती: वर्दी आजच्या आज उतरली पाहिजे. पडताळणीला माणूस पाठवतो, तोवर भानगड नको.

वर्दी उतरली. लग्नातला कोट परत चढला. शुक्रवारी पहाटे रोही परत आले आणि आल्या आल्या कोटाला पाठ घासून गेले. जिजाबाईंनी दिवसभर टुमणं लावलं, की दोन दिवस वर्दी घातली तर कोण पाहते. भगवंतरावांनी निक्षून सांगितलं, वर्दीला हात लावायचा नाही.

शनिवारी मालेगावहून परतताना ते वळणावर आले आणि पाहतात, तर हरभऱ्यात खाकी उभी. एक हात वर केलेला, टोपी नीट, पाठ रस्त्याकडे.

भगवंतरावांचं डोकं फिरलं. बायको कधीच ऐकत नाही, असं पुटपुटत ते तरातरा शेतात शिरले. मागूनच टोपी उडवली, कमरेला हात घालून पट्टा सोडला, वर्दीची कॉलर धरून खाली ओढली. दोन बटणं तुटून हरभऱ्यात पडली. या वेळी गवत चांगलं ठासून भरलंय, असंही त्यांच्या मनात आलं.

बुजगावण्याने वर केलेला हात खाली घेतला. हातात मोबाइल होता. त्या शिवारात रेंज फक्त त्याच कोपऱ्यात येते.

"हॅलो, साहेब," बुजगावणं फोनवर म्हणालं. "हो, चारित्र्याच्या चौकशीले आलो ना. अर्जदार भेटला. मले धरूनच हाये."

भगवंतरावांनी कॉलर सोडली, जमेल तेवढी सरळ केली, टोपी झटकून त्याच्या डोक्यावर ठेवली. मग अदबीने रेंजपुरती थोडी जागा मागून घेतली आणि मालेगावला फोन लावला.

"वैजू," ते म्हणाले, "तो तिसरा शिल्लक होता ना. तो काढ."