चौथीच्या वर्गात रेंज नाही

चौथीच्या वर्गात रेंज नव्हती. बाकी सगळे होते. एक फळा, दोन खिडक्या, पंधरा बाक, बावीस मुले आणि एक बाई. खोली शाळेच्या मागच्या अंगाला, उतारावर, निम्मी जमिनीत बसलेली. पूर्वी तिथे जळाऊ लाकडे ठेवत, म्हणून भिंती हातभर जाड. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. मुलांचा दंगा बाहेर जात नसे आणि बाहेरची कटकट आत येत नसे. मोबाईलच्या लहरींना त्या भिंतींनी बहुधा कटकटीतच धरले होते.

बाईंचा नियम एकच. वाचायला घेतलेले शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. हा नियम एका मुलाला काही केल्या जमत नसे. गोष्टीतल्या सिंहाने सशासमोर जबडा उघडला की हा पुस्तक मिटायचा.

"पुढे काय झालं रे?" बाई विचारायच्या.

"खाल्लं असेल, बाई. आणखी काय?"

वर्गाने त्याचे नाव अर्ध्या ठेवले होते. बाई रागवत नसत. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा उघडून देत.

त्या वर्षी संपर्क विभागाने जाहीर केले की मोबाईलवरचे इंटरनेट आता शंभर टक्के लोकांपर्यंत पोचले आहे. आकडा हवेतला नव्हता. विभागाने रीतसर सर्वेक्षण केले होते. प्रत्येक मोबाईलवर इंटरनेटवरून एक प्रश्न पाठवला होता, 'आपल्या मोबाईलवर इंटरनेट आहे का?' जेवढी उत्तरे आली, तेवढी सगळी 'हो' अशी आली. ज्यांचे उत्तरच आले नाही ते कामात असतील, असे समजून घेण्यात आले.

शंभर टक्के झाल्यावर कागदाची गरज उरली नाही. हजेरीपट कपाटात गेला, कपाट भंगारात गेले आणि 'हजर' नावाचे ॲप आले. शाळा भरल्यावर दहा मिनिटांत शिक्षकाने वर्गाचा फोटो काढायचा आणि वर्गातूनच पाठवायचा. ओळीने तीसहून जास्त दिवस फोटो आला नाही, तर वर्ग रिकामा समजून बंद करायचा आणि त्यातल्या मुलांना हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचे. रिकाम्या वर्गात मुले कुठून आली, याचा खुलासा परिपत्रकात नव्हता. मोठ्या शाळेत एकेका वर्गात नव्वद मुले होती आणि तिथले मास्तर मुलांना बाकाच्या नंबराने हाका मारत.

पहिल्या दिवशी बाईंनी फोटो काढला. बावीसही मुले हसली. मोबाईलवर एक चाक फिरू लागले आणि फिरतच राहिले. बाई बाहेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गेल्या. तिथे रेंज उत्तम. ॲपने कळवले, 'आपण वर्गाबाहेर आहात. कृपया वर्गात जा.' दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गच पायऱ्यांवर आणून बसवला. ॲपने कळवले, 'हा जिना आहे. जिन्यास हजेरी लागू नाही.' तिसऱ्या दिवशी त्या आत उभ्या राहिल्या आणि मोबाईल धरलेला हात खिडकीतून बाहेर काढला. 'शिक्षक अंशतः हजर,' असा शेरा आला.

चौथ्या दिवशी बाई विभागाच्या कचेरीत गेल्या. तिथला कारकून त्यांचाच जुना विद्यार्थी. बाईंना पाहताच तो उठून उभा राहिला. नजर मात्र मोबाईलवर बसूनच होती.

"बाई, रेंज नसल्याची तक्रार ॲपवर करायची असते."

"वर्गात रेंज नाही, बाळ."

"मग बाहेर येऊन करायची."

"केली. उत्तर आलं, 'आपण उभे आहात तेथे रेंज उत्तम आहे. तक्रार निकाली.'"

"बघा! एका मिनिटात निकाली. पूर्वी वर्ष लागायचं."

"कागदावर लिहून देऊ का?"

"द्या ना. फक्त त्याचा फोटो काढून पाठवा."

"कुठून?"

"जिथली तक्रार आहे तिथून."

बाईंनी चष्मा पुसला. पाढा चुकलेल्या मुलाशी बोलावे तसे त्या सावकाश बोलल्या, "असं समज, एक माणूस विहिरीत पडलाय. तू काठावरून म्हणतोस, वर येऊन सांग की मी खाली आहे."

कारकुनाने खरोखर विचार केला. लहानपणापासून तो कष्टाळूच होता. "पण बाई, तो वर आला म्हणजे प्रश्नच मिटला की."

तरी जुन्या ओळखीला जागून त्याने एक बटण दाबले आणि बाराव्या दिवशी पडताळणी साहेब वर्गात आले. आत पाऊल टाकताच त्यांच्या मोबाईलवर फुली उमटली.

"खरंच की हो," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता अहवाल देतो." आणि तिथूनच देऊ लागले. चाक फिरू लागले.

"बाहेर जाऊन द्या," बाई म्हणाल्या.

"छे छे! जागेवरची भेट जागेवरच संपवावी लागते. 'भेट समाप्त' नोंदल्याशिवाय निघालो तर पळालो असा शेरा येतो. बसतो थोडा वेळ."

ते शेवटच्या बाकावर बसले. दोन तासांनी त्यांचा मोबाईल कुठेच दिसेना म्हणून विभागाने त्यांना बेपत्ता ठरवले. शाळा सुटल्यावर मोबाईल बाकावरच ठेवून ते घरी गेले, जेवले, झोपले. पण ॲपच्या दृष्टीने ते अजून वर्गातच होते, आणि वर्गात आहेत हे ॲपला माहीत नव्हते. सकाळी ते मुलांच्या आधी येऊन बाकावर बसले. त्यांना शोधायला मोठे साहेब आले. मोठ्या साहेबांना शोधायला आणखी दोघे आले. मग रेंज मोजायचे यंत्र घेऊन एक तज्ज्ञ आला. यंत्र आपले मोजमाप इंटरनेटवरूनच दाखवत असल्यामुळे तोही बसला. अठराव्या दिवसापर्यंत शेवटच्या चार बाकांवर सात साहेब झाले.

पहिले दोन दिवस त्यांचे हात सारखे खिशाकडे जात. "बाई, साहेब पेन्सिल चावतायत," अशी तक्रार येई. पुढे ते रुळले. बाईंनी त्यांना गणितेही घातली.

"वर्गात बावीस मुलं. मी फोन करून विचारलं, कुणाकडे फोन आहे? सहा जणांनी उचलला. सहाही जण म्हणाले, आहे. तर फोन किती जणांकडे?"

"सगळ्यांकडे!" मोठे साहेब सवयीने म्हणाले.

"सहा जणांकडे," पहिल्या बाकावरची चिमणी म्हणाली. तिला हे नाव आवाजावरून पडले होते.

मोठ्या साहेबांनी पाटीवर बावीसमधून सहा वजा केले. "पण मग बाकीचे सोळा गेले कुठे?"

"इथेच तर आहेत," चिमणी म्हणाली.

बाईंचा नियम साहेबांनाही लागू होता. मोठ्या साहेबांनी सिंहाची गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि मधल्या सुट्टीत अर्ध्याला गाठले. "अरे, तो जांभई देत होता!"

"कोण?"

"सिंह. जबडा उघडला तो जांभईसाठी. शेवटच्या पानावर आहे."

अर्ध्या त्या दिवशी डबा खायचा विसरला.

इकडे विभागात चिंता पसरली होती. साहेब हरवल्याची नव्हे. भिंतीवरच्या मोठ्या नकाशात सगळीकडे हिरवा रंग असताना एक करडा ठिपका उमटला होता आणि महिनाअखेरीस पाहुणे नकाशा बघायला येणार होते. ठिपक्यावर उपाय साधा होता. खोलीच्या छपरावर डब्याएवढे एक यंत्र बसवले की रेंज येणार होती. पण जिथून रेंज नसल्याची तक्रार येते तिथेच यंत्र मंजूर होते, आणि त्या खोलीतून आजवर एकही तक्रार आलेली नव्हती. तेव्हा खोलीच नकाशातून काढावी, असा निर्णय झाला. खोली नाही म्हटल्यावर रेंज नसलेली जागाही उरत नाही.

सार्वजनिक खोली नाहीशी करायची तर लोकांची संमती लागते. विभागाने विसाव्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर सूचना पाठवली. जो ती शेवटपर्यंत वाचेल त्याची संमती धरायची. तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पाच हजार संमती झाल्या तर खोली गेली. एक जरी कमी पडली, तर नाइलाजाने छपरावर यंत्र बसवायचे, आणि मग बाईंचा फोटो जाणार, वर्ग राहणार.

ही बातमी कळताच मोठे साहेब उभे राहिले. "म्हणजे खोलीच नसेल तर आमची भेटही झालेली नाही! आम्ही सुटलो, बाई!" मग त्यांना जरा कसेसे झाले असावे. "तुमच्या हाताखाली फार शिकायला मिळालं हो," ते म्हणाले. साती साहेब रांगेने जिन्यावर गेले, तिसऱ्या पायरीवर थांबले आणि सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आता तशी सवय लागली होती.

"सात," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

अर्ध्या रोज आईचा मोबाईल घेऊन तिसऱ्या पायरीवर उभा राही आणि आकडा ओरडून सांगे. सूचना लाखो लोकांना गेली होती. हजारोंनी पहिली ओळ पाहून अंगठा वर केला. कित्येकांनी नुसते हात जोडले. एकाने सूचनेखालीच जुना सोफा विकायला काढला आणि त्याच्या किमतीवरून दोन दिवस भांडण चालले. शेवटपर्यंत मात्र फार थोडे पोचत होते. आयुष्यभर मुलांना शेवटपर्यंत वाचायला लावलेल्या बाई आता रोज सकाळी मनात म्हणत, आज कुणी काही नीट वाचू नये.

"बाई, मी अर्धीच वाचली हं," अर्ध्याने येऊन सांगितले. "मुद्दाम."

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "शाब्बास."

तिसाव्या दिवशी पाचला दहा मिनिटे कमी असताना शाळा सुटली होती, पण घरी कुणी गेले नव्हते. बावीसही दप्तरे बाकांवर. बाई फळा पुसत होत्या, पुसलेलाच पुन्हा पुसत होत्या. पायरीवरून आवाज आला, "चार हजार नऊशे नव्याण्णव!"

"आणि?" चिमणीने विचारले.

"थांबलाय. कुणीतरी वाचतंय पण. इथं दिसतं, एक जण वाचतोय म्हणून."

सगळी मुले जिन्यावर धावली. अर्ध्याने मोबाईल तोंडाजवळ धरला, जणू पलीकडचा माणूस ऐकेल. "अहो काका, काकू, कोण असाल ते! इतकं पुरे झालं. इथंच थांबा ना. मी तर नेहमीच थांबतो, काही होत नाही."

सूचना अशी होती.

'सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, शाळेच्या मागील बाजूस असलेली चौथीची खोली ही रेंजच्या दृष्टीने आढळून येत नसल्याने ती नकाशातून वगळण्याचे योजिले आहे. सदर खोलीत कोणी असल्यास त्यांनी ती नसल्याची नोंद घ्यावी. ज्यांची हरकत असेल त्यांनी सदर खोलीत प्रत्यक्ष उभे राहून ती ॲपवर नोंदवावी. मुलांची सोय अन्यत्र केली असून त्यांना बाकाचे नंबर देण्यात येतील. ही सूचना शेवटपर्यंत वाचणाऱ्याची यास संमती आहे, असे समजण्यात येईल.'

आभारी आहोत. आपला संमती क्रमांक पाच हजार.