शांतवनकाकांची ट्रायल

कोपरगावला गोदावरीच्या काठी एका देवळात आमच्या शेजारच्या शांतवनकाकांनी चमत्कार केला होता. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. ते नेहमीसारखे रिकामी व्हीलचेअर घेऊन तिथे गेले, रस्त्यावर ती उघडली, स्वतः तिच्यात बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोन माणसांना म्हणाले, "जरा ढकला बरं वरपर्यंत." माणसं भाविक होती. त्यांनी उतारावरून, फरशीवरून, उंबऱ्यावरून काकांना थेट सभामंडपात नेलं. काकांनी मान हलवली, "पास" म्हणाले, ताडकन उठले, खुर्ची घडी केली आणि काखेत मारून चालू लागले.

एका म्हातारीने त्यांचे पाय धरले. मागे रांग लागली. काका कळवळून सांगत होते, "अहो बाई, मी ख्रिश्चन आहे, आणि माझे पाय पहिल्यापासून धड आहेत!" पण गर्दीला पहिलं वाक्य ऐकू आलं नाही आणि दुसरं पटलं नाही. शेवटी एका फूलवाल्याने त्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं आणि वर हारही घातला. तो हार घालूनच ते एसटीने नगरला परत आले.

शांतवन गायकवाड हे त्यांचं नाव. शांतवन म्हणजे सांत्वन, दिलासा. पण या माणसाने कुणाला दोन मिनिटं स्वस्थ बसू दिल्याचं मला आठवत नाही. ते मूळचे पाथर्डीकडचे. सगळी नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत झाली, तीही तपासणी खात्यात. कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक वस्तूला तिथे 'जॉब' म्हणतात. जॉब मापात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट, थोडक्यात हुकला तर रिवर्क. निवृत्त झाल्यावर काकांनी हेच तीन शब्द घेऊन सगळ्या जिल्ह्याची तपासणी काढली.

कारण करुणाताईंना फिरायची विलक्षण हौस. करुणाताई म्हणजे काकांची बायको. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांच्या पाठीच्या कण्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण पाय परत आले नाहीत. तेव्हापासून त्या खुर्चीत आहेत. त्यांच्या तोंडून या गोष्टीबद्दल मी एवढंच ऐकलंय, "बसायला मिळतंय तर बसते." पण घरात बसायला मात्र त्या तयार नसत. भुईकोट किल्ला, चांदबीबीचा महाल, पिंपळगाव माळवीचा तलाव, सगळं त्यांना बघायचं असायचं. आणि त्यांनी एखाद्या जागेचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी काका ट्रायलला.

"ट्रायल घेतल्याशिवाय जॉब लाईनवर चढवायचा नाही," काका म्हणायचे.

"मी जॉब," करुणाताई आम्हाला समजावून सांगायच्या.

ट्रायल म्हणजे काका रिकामी खुर्ची घेऊन एसटीत चढायचे. कंडक्टर विचारायचा, "पेशंट कुठाय?" काका म्हणायचे, "घरी. आधी मी बघून येतो." कंडक्टर मग उरलेल्या प्रवासात त्यांच्याकडे जरा जपून बघायचा. काकांच्या हातात एक काठी असे. खुर्चीच्या रुंदीएवढी कापलेली. लॉजवर गेले की मॅनेजर एसी-नॉनएसी विचारेपर्यंत काका संडासाच्या दारात काठी आडवी धरून उभे. काठी गेली तर पास. अडकली तर मॅनेजरला तिथल्या तिथे एक भाषण, "एवढ्या मोठ्या लॉजला एवढंसं दार? आत कोण जायचं, मांजर?" लग्नाची पत्रिका आली की मुलगा काय करतो, मुलगी कुठली, हे आम्ही वाचायचो. काका हॉलवर जाऊन रॅम्प आहे का ते बघून यायचे.

काकांच्या या पाहणीमागे एक कारण होतं. एका लग्नात चौघांनी करुणाताईंना खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेलं. उचलताना त्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, "एक, दोन, तीन, हं!" कपाट चढवताना म्हणतात तसं. स्टेजवर त्या हसल्या, आहेर दिला, फोटोही काढला. घरी आल्यावर म्हणाल्या, "यापुढे मला परक्या माणसांनी उचलायचं नाही. जिथे चाकं जातील तिथे मी जाईन. नाहीतर नाही." काकांनी ते वाक्य कारखान्याच्या नियमासारखं पाळलं.

आणि त्या नियमात एकच जागा बसत नव्हती. नेमकी तीच करुणाताईंना सगळ्यात जास्त हवी होती.

करुणाताईंचे वडील राजूरला शिक्षक होते. राजूरच्या पुढे डोंगरात एक वाडी आहे. तिथली हौसा ही त्यांची बालमैत्रीण, पुढे तिला सासरही त्याच वाडीत मिळालं. शाळेच्या सुट्टीत त्या हौसाच्या घरी राहायला जायच्या, करवंदं खायच्या, गुरांमागे हिंडायच्या. लग्न होऊन नगरला आल्यावर दोन-तीनदा जाणं झालं. खुर्चीत बसल्यापासून एकदाही नाही. हौसाबाईंना गाडी लागते, तालुक्याच्या अकोल्यापर्यंत येता येताच त्या अर्ध्या होतात, आणि आता गुडघेही गेलेले. फोनवर बोलावं तर त्यांना ऐकू येत नाही. दोघीही आपापल्या जागी अडकलेल्या.

संध्याकाळी गॅलरीत बसल्या की करुणाताईंचं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी त्या वाडीला पोचायचं. "हौसाच्या अंगणातनं धरणाचं पाणी दिसतं," त्या सांगायच्या. "पाऊस उघडला की समोरचा उतार पिवळा होतो. नुसता पिवळा." मग गप्प व्हायच्या. त्या गप्प झाल्या की काका आत जाऊन खुर्चीला तेल घालायचे.

त्या वाडीच्या ट्रायल काकांनी किती घेतल्या, देव जाणे. वर्षातून दोन-तीन खेपा व्हायच्याच. पहाटे निघायचे, दुसऱ्या दिवशी परत. आम्ही विचारायचो, "काय झालं?" काका हात हलवायचे. "रिजेक्ट. रस्ता शेवटी संपतोच. पुढं नुसते दगड."

माझी बायको नीलिमा एकदा म्हणाली, "अहो, दगड काय दर वर्षी हलतात का? एकदा बघितलं की झालं ना?"

काका म्हणाले, "रस्ता वाढवतायत असं ऐकलंय." आणि विषय बदलला.

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना हौसाबाईंच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आत्याबाई लई आठवण काढत्यात तुमची. आता त्येंचं हिंडणं-फिरणं न्हाईच. अंगणापुरतं. तुमी येता का यकडाव?"

करुणाताईंनी फोन ठेवला. काका उठून काठी शोधायला लागले.

"ट्रायल नाही," त्या म्हणाल्या. "आता थेट जॉब."

"अगं, पण वाट—"

"वाट मला ठाऊक आहे. तुमच्या आधीपासून."

माझ्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. राहुरी, लोणी, संगमनेर. वाटेतल्या प्रत्येक ढाब्याचा संडास काकांच्या ओळखीचा. "इथं नाही. पुढच्या वळणावर. तिथला पास आहे." एका ढाब्याच्या मालकाने तर लांबूनच काकांना सलाम ठोकला आणि ओरडून सांगितलं, "काका, दार रुंद केलं बरं का!" काकांनी आत जाऊन काठी धरून बघितली, मगच त्याच्या पाठीवर थाप मारली. करुणाताई मात्र कशातच नव्हत्या. अकोलं मागे पडलं तशी त्यांनी काच खाली घेतली आणि राजूर येईपर्यंत मान बाहेरच होती.

राजूरच्या पुढे डांबरी संपली, मग खडी, आणि एका जांभळीखाली रस्ताच संपला. पुढे चढाची दगडी वाट. तिथे हौसाबाईंचे दोघे मुलगे उभे होते, चांगले पन्नाशीला टेकलेले. त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची आणली होती, दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले.

काका करुणाताईंकडे बघेनात. मीही उगाच गाडीच्या टायरकडे बघत राहिलो.

करुणाताई बराच वेळ त्या वाटेकडे बघत होत्या. मग थोरल्याला म्हणाल्या, "बाळा, याच वाटेवर माझा पाय मुरगळला होता. तुझ्या आईने मला पाठुंगळी घेऊन वर नेलं. शिव्या देत देत."

"आय अजून सांगती ते," तो हसून म्हणाला. "म्हनती, लई जड हुती."

"मग न्या. तुम्ही काय परके आहात? फक्त एक-दोन-तीन म्हणायचं नाही."

"थांबा!" काका ओरडले. त्यांनी सगळ्या गाठी ओढून बघितल्या, दोन पुन्हा बांधायला लावल्या आणि शेवटी स्वतःच खुर्चीत बसले. "चला. जरा वरपर्यंत." त्या दोघांनी निमूटपणे काकांना उचललं. पांढरी दाढी, डोक्याला कानटोपी, हातात काठी, अशी त्यांची स्वारी पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत आली. नीलिमाला हसू आवरेना. करुणाताईही हसल्या, सकाळपासून पहिल्यांदाच. "पास," काका उतरून म्हणाले.

मग करुणाताई वर गेल्या. कुणी मोजलं नाही. मागून काका, व्हीलचेअर घडी करून डोक्यावर घेतलेली. कुणाला ती धरूही देईनात.

हौसाबाई अंगणात खांबाला धरून उभ्या होत्या. करुणाताईंना व्हीलचेअरमध्ये बसवलं, तशा त्या एकेक पाऊल टाकत आल्या आणि दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा चाचपला.

"म्हातारी झालीस की गं," हौसाबाई म्हणाल्या.

"आणि तू काय, कोवळी राहिलीस?"

दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. समोर धरणाचं पाणी होतं आणि अलीकडचा उतार खरोखरच पिवळा झाला होता. सुनेने कोरा चहा दिला, मग नागलीची भाकरी आणि वालाची आमटी. काकांना तिथे काहीच काम उरलं नव्हतं. ते या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"बसा की दाजी," हौसाबाई म्हणाल्या. "आज खुर्ची मोकळी न्हाई म्हून करमंना व्हय?"

"कसली खुर्ची?" करुणाताईंनी विचारलं.

"अगं, हे दर खेपेला येत्यात तवा ही खुर्ची मांडून हितंच बसत्यात. तुझ्या जागेला."

"वाट बघायला येतात ते. ट्रायलला."

"कुटली वाट? वाट काय येकदा बघितली की झाली." हौसाबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्या मोठ्याने बोलत होत्या. "येत्यात, बसत्यात, आन म्हनत्यात, हौसाबाई, सांगा, ती कशी चालायची. मंग मी सांगती. हंडा घिऊन कशी यायची, त्या उतारावनं कशी पळत सुटायची, पोरं मागं राहायची. सगळं आयकत्यात, उठत्यात, जात्यात. फुडल्या खेपेला पुन्हा त्येच. सांगा, ती कशी चालायची."

काका खाली वाकून व्हीलचेअरचा ब्रेक बघू लागले. ब्रेकला काही झालं नव्हतं.

"अहो," करुणाताई म्हणाल्या.

"हं."

"मला का नाही विचारलंत?"

"तुला कसं विचारणार?"

"विचारायचं. मला काय रोज आठवत नाही?"

काका उकिडवेच, ब्रेककडे बघत बोलले. "मला आठवत नाही, करुणा. चार-पाच वर्षं तू घरात चाललीस. मी कामावर जायचो, यायचो, जेवायचो. तुझं चालणं कधी लक्ष देऊन बघितलंच नाही. घरात बायको चालते, त्यात बघायचं काय?" त्यांनी ब्रेक उगाच एकदा वर-खाली केला. "आता स्वप्नात येतेस, तीही खुर्चीतच येतेस."

नीलिमा उठून सुनेच्या मागे चुलीकडे गेली. मलाही उठायला हवं होतं, पण जमलं नाही. मी पाण्याकडे तोंड करून बसलो.

करुणाताईंनी हौसाबाईंच्या हातातला आपला उजवा हात सोडवून घेतला. खुर्चीच्या हातावर दोन बोटं उभी केली. "अशी," त्या म्हणाल्या. बोटं चालू लागली. सावकाश, एकामागून एक. "डावा पाय जरा बाहेर पडायचा माझा. आई ओरडायची त्यावरून. हे बघा. असा."

काकांनी चष्मा पुसला आणि जवळ सरकले.

"परत," ते म्हणाले.

बोटं पुन्हा मागे गेली आणि पुन्हा चालत आली. डावं बोट किंचित बाहेर.

"आणि मी कामावरून यायचो," काकांनी विचारलं, "कडी वाजवायचो, तेव्हा दार उघडायला कशी यायचीस?"

मग ती दोन बोटं भरभर धावत खुर्चीच्या हाताच्या टोकापर्यंत आली, काकांचा हात तिथेच होता, आणि त्याच्यावर चढून उभी राहिली.