एका वायसरसाठी बंदूक

माणसाने शस्त्रे खाली ठेवली तरच या पृथ्वीतलावर शांतता नांदेल, असे जिल्हा कचेरीने एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता कर्ण्यावरून जाहीर केले. अबेसो गावाला हे तत्काळ पटले. अडचण एवढीच होती, की गावात खाली ठेवायला शस्त्रच नव्हते.

योजना तशी गोड होती. जे गाव आपल्याकडची गावठी बंदूक स्वखुशीने सरकारजमा करील, त्या गावाचा बंद हातपंप सरकार चालू करून देणार. अबेसोचा पंप तीन वर्षे बंद होता. त्याचा एक रबरी वायसर झिजला होता, बाकी पंप ठणठणीत. वायसरसाठी गावप्रमुख नानांनी अकरा अर्ज धाडले आणि अकराही वेळा उत्तर आले, की ‘वायसर’ या शीर्षाखाली तरतूद नाही. ‘शांतता’ या शीर्षाखाली मात्र तरतूद तुडुंब होती आणि वर्ष संपायच्या आत ती संपवायची होती.

पंपाची सर्वांत जास्त निकड होती बेडियाको लोहाराला. त्याच्या बायकोचे, सेरवाचे, गुडघे धरल्यापासून ओढ्यावरून पाणी आणायचे काम त्याच्याकडे आले होते. डोक्यावर घागर घेऊन तो चढ चढू लागला, की वाटेतली एकही बाई त्याला सुखाने जाऊ देत नसे. “सूनबाई, जपून हं. पाय घसरेल,” असे हमखास कोणीतरी म्हणे. घागरीखाली मान हलवता येत नाही, त्यामुळे बेडियाकोला रागसुद्धा ताठ मानेनेच गिळावा लागे.

नानांनी सभा बोलावली. नाना स्वतः लोकांशी बोलत नसत, रिवाजच तसा. ते पुटपुटत आणि त्यांचा प्रवक्ता ओफोसू हातातली सोनेरी मुठीची काठी सरसावून ते पुटपुटणे शोभिवंत करून सांगे. त्या दिवशी नाना पुटपुटले, “एक करून टाका.”

ओफोसूने खाकरून सांगितले, “ज्या अर्थी शांततेचा रस्ता बंदुकीवरून जातो आणि ज्या अर्थी आपले गाव शांतताप्रिय आहे, त्या अर्थी आपल्याकडे बंदूक पूर्वीपासून आहे. ती फक्त घडवायची राहिली आहे.”

सगळ्यांनी बेडियाकोकडे पाहिले. बेडियाको म्हणाला, की त्याने जन्मभर कुदळी, कोकोच्या शेंगा तोडायचे कोयते आणि चुलीवरच्या तिवया केल्या आहेत. बंदूक कोणत्या टोकाने सुरू करतात हेही त्याला ठाऊक नाही. ओफोसूने त्याला धीर दिला. कुदळीलाही दांडा असतोच की.

अंदाजपत्रक मंजूर झाले: एक कोंबडी आणि गावाच्या शुभेच्छा. बंदुकीच्या आराखड्यासाठी नेमलेल्या समितीने ती कोंबडी पहिल्याच बैठकीत खाल्ली, त्यामुळे पुढचे काम शुभेच्छांवर चालले. मर्तिकाला ढोल वाजवणाऱ्याने आवाज दणदणीत हवा असा आग्रह धरला. नानांच्या बंदुकीला नक्षी नसेल तर गावाची अब्रू जाईल, असे दुसऱ्याचे म्हणणे पडले. शेवटी समितीचे एकमत एकाच मुद्द्यावर झाले, की बंदुकीतून गोळी एकच सुटावी, कारण दुसरीची तरतूद नाही.

दस्त्यासाठी चांगले मुरलेले लाकूड हवे होते. ते सेरवाच्या घरात होते, उकडलेले कंद कुटून फुफू करायच्या मुसळाच्या रूपात. नळीसाठी सरळ लोखंडी पाईप हवा होता. अख्ख्या गावात सरळ पाईप एकच, तो पंपाचा.

“पंप काय, बंदच आहे,” ओफोसू म्हणाला, आणि यात कोणालाच काही वावगे दिसले नाही. बेडियाकोला किंचित शंका आली होती. पण तेव्हा तो ओढ्यावरून येत होता, डोक्यावर घागर होती, आणि मान हलवता आली नाही.

पंधरा दिवसांनी कचेरीतून लार्टे साहेब तपासणीला आले. रिवाजाप्रमाणे आधी त्यांना तांब्याभर पाणी दिले, मग येण्याचे कारण विचारले. साहेबांनी बंदूक उलटसुलट करून पाहिली आणि गंभीरपणे बजावले, की बंदूक चालली पाहिजे. न चालणारी बंदूक म्हणजे भंगार, आणि भंगार आरोग्य व स्वच्छता खात्याकडे जाते; त्यावर पंप मिळत नाही.

मग बंदूक ताडाच्या झाडाला बांधली, समोर लक्ष्य म्हणून पपई टांगली, आणि साऱ्या गावाने घरांच्या आडोशाला जाऊन लांबलचक दोरी ओढली. आवाज दणदणीत झाला. ढोलवाला समाधानाने रडला. पपईला काहीही झाले नाही. मुसळ मात्र मागच्या मागे उडाले, नानांच्या मानाच्या छत्रीतून आरपार गेले आणि पुढे कोणाला दिसले नाही.

लार्टे साहेबांनी वहीत लिहिले, ‘अतिशय घातक.’ गावाने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी नळीला लाख लावून मोहोर केली आणि जीपमध्ये घातली.

“पाण्यापायी घरातलं मुसळ गेलं,” सेरवा म्हणाली. “आता उखळात कशाने कुटू? तुमच्या अर्जांनी?”

“पंप होऊ दे, मग दोन मुसळं आणतो,” बेडियाको म्हणाला. महिनाभर तो घागर वाहत राहिला. कोणी सूनबाई म्हटले की हसून सांगे, “थोडे दिवस उरलेत, सासूबाई.”

आणि तो दिवस उजाडला. जीप आली, वाजंत्री आली, ‘शस्त्रमुक्त अबेसो’ असा फलक आला. लार्टे साहेबांनी भर उन्हात दीड तास भाषण केले. शेवटी मखमली उशीवरून बक्षीस पुढे आणले गेले. उशीवर एक रबरी वायसर होता.

नानांनी तो हातात घेऊन उजेडात पाहिला. ते काही पुटपुटले. ओफोसूला प्रथमच ते शोभिवंत करता आले नाही.

साहेबांनी स्वतःच्या हाताने पंपाचे झाकण उघडले आणि आत डोकावले. “पाईप कुठाय?”

बेडियाको पुढे झाला. “साहेब, तो तुम्हीच नेलात. मोहोर लावून.”

लार्टे साहेबांनी शांतपणे परिस्थिती समजावून दिली. ती वस्तू आता पाईप नसून जप्त शस्त्र आहे. शस्त्र परत हवे तर परवाना लागतो. परवान्याच्या अर्जात शस्त्र कशासाठी हवे, ते लिहावे लागते.

ओफोसूने तिथल्या तिथे, जीपच्या टपावर कागद ठेवून, बारावा अर्ज लिहिला: ‘आमची बंदूक कृपया परत मिळावी. पाणी प्यायचे आहे.’

साहेबांनी अर्ज वाचला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. योग्य मार्गाने वर पाठवतो, म्हणाले. मग त्यांनी कपाळ पुसले. दीड तासाच्या भाषणाने घसा पार कोरडा पडला होता.

“तोवर,” ते म्हणाले, “घोटभर पाणी मिळेल का?”

सगळ्यांनी बेडियाकोकडे पाहिले.