दोन स्क्रूंची अदलाबदल

मी केलं काय? एक स्क्रू उचलला आणि शेजारच्याच्या जागी ठेवला. शेजारचा उचलून पहिल्याच्या जागी. बस. एवढ्याने पन्नास वर्षांचा संसार मोडायला येतो, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. (शाळा तरी किती? चौथीत गणिताने मला सोडलं आणि मी शाळेला.)

आधीपासून सांगतो. आमच्या हिचा फोन फुगला. म्हणजे आतली बॅटरी फुगली आणि मागचं झाकण पावसात भिजलेल्या दारासारखं वर आलं. आता फोन काय, दुसरा मिळतो. पण हिच्या फोनात हिची ताई आहे. ताईला जाऊन दोन वर्षं झाली, तिने बोलून पाठवलेले सत्तावीस निरोप तेवढे मागे राहिलेत. ही रोज भाजी चिरताना एक ऐकते. ताई त्यात काही मोठं बोलत नाही. गाद्यांना ऊन दाखवलंस का, गुडघा कसा आहे, एवढंच. पण ही तिला उत्तर देते. मी मधे बोललो तर मला गप्प बसवते, ताईला नाही.

आधी कंपनीच्या दुकानात गेलो. तिथे इतकं चकचकीत की मला माझ्याच चपलांची लाज वाटली. काउंटरवरच्या मुलीने फोन मेलेलं झुरळ धरावं तसा दोन बोटांत धरला आणि गोड आवाजात सांगितलं, की हे मॉडेल आता दुरुस्त होत नाही, हा इथे ठेवा, नवीन घ्या. आतलं सगळं पुसलं जाईल. हिने तो तिच्या बोटांतून असा काढून घेतला की मुलगी आपली बोटं मोजायला लागली.

मग सर्जनकडे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं एका खोलीचं दुकान आहे. कपाळावर दिवा, डोळ्याला भिंग, तोंडाला कुलूप, म्हणून सगळे त्याला सर्जन म्हणतात. (मी एकदा त्याच्याकडे रेडिओचं रिकामं खोकं दुरुस्तीला दिलं होतं. त्याने ते तपासून 'पेशंट आणण्यापूर्वीच दगावला' अशी चिठ्ठी लावून परत पाठवलं. तेव्हापासून आमचं जमतं.)

त्याने फोन उलटासुलटा केला आणि तासाभराचं काम आहे म्हणाला. कंपनी सुटे भाग देत नाही, आतला नकाशाही देत नाही, म्हणून त्याने नकाशा स्वतःच्या हाताने काढून ठेवलाय. "घर विकायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, तसली तऱ्हा आहे यांची," एवढं बोलून तो कामाला लागला.

झाकण गरम करून त्याने फोन उघडला. बॅटरीला टोक लागलं तर पेट घेते, जरा मागे सरका, असं म्हणाला. मी इतका सरकलो की स्टुलाचे दोन पाय रस्त्यावर गेले. हिला तर उघडा फोन बघवेना. ती पर्स पोटाशी धरून रस्त्याकडे तोंड करून बसली.

सर्जनची एक पद्धत आहे. लोहचुंबकाच्या पाटीवर तो फोनचं चित्र काढतो आणि निघालेला स्क्रू चित्रात त्याच्या त्याच्या जागी ठेवतो. चौदा स्क्रू, तिळाएवढे, सगळे जुळे भाऊ. ते मांडून तो नवी बॅटरी आणायला आतल्या कपाटाशी गेला. आणि माझ्या हाताला खाज सुटली.

मला वाटलं, येईल, पाटी बघेल, गोंधळेल, टक्कल खाजवेल, मग आपण टाळी देऊ. पण सर्जनने पाटीकडे बघितलंच नाही. ज्या जागी हात जाईल तिथला स्क्रू बरोबरच असणार, हा वीस वर्षांचा विश्वास. बॅटरी बसवून त्याने पिळायला सुरुवात केली. आणि एरवी न बोलणाऱ्या माणसाला नेमका तेव्हा कंठ फुटला.

"लोक घरी फोन उघडतात, काकू. उघडावा, आपलाच आहे. फक्त स्क्रूची जागा चुकू नये."

"चुकली तर?" मी विचारलं.

"एखादा केसभर लांब असतो. तो आखूडच्या जागी गेला की खालच्या बोर्डात घुसतो, आतल्या बारीक तारा तोडतो. मग संपलं."

"आणि ताई?" हिने मान न वळवता विचारलं.

"बोर्ड गेला की आतलं सगळं गेलं, काकू."

खरं सांगावं, तर ही हाताच्या अंतरावर. पन्नास वर्षांत मी हिचे चष्मे लपवले, हिच्या भावाला इन्कम टॅक्सवाला बनून फोन केले, सगळं पचलं. ताई पचणार नव्हती.

म्हटलं, छातीत कसंसंच होतंय. सर्जनने डाव्या हाताने पाण्याची बाटली सरकवली, उजवा हात पिळतच होता. "करू देत, नाटकं आहेत," ही म्हणाली. (आणि या वेळी खरोखर होत होतं हो.) मग उठलो आणि दुकानाचा मेन स्विच पाडला. अंधार झाला, पण सर्जनच्या कपाळावरचा दिवा स्वतःच्या सेलवर चालत होता. सात स्क्रू बसले. आठ बसले. चिमटा कोपऱ्याकडे गेला, लांबडा स्क्रू उचलला, आखूडच्या भोकात ठेवला आणि पेचकस फिरला.

"थांब रे," मी म्हणालो. "ते दोन मी बदललेत."

"कोणी?"

"मी. गंमत म्हणून."

पेचकस थांबला. सर्जनने श्वास रोखून तो स्क्रू उलटा फिरवला, काढला आणि भिंगातून भोकात बघत राहिला. ही वळली. माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. पन्नास वर्षांत ही काहीच बोलली नाही असं प्रथमच घडत होतं. मला घराचा पत्ता आठवेना.

"ओरखडा आहे," सर्जन म्हणाला. "तार वाचली असावी."

हे 'असावी' मी जन्मात विसरणार नाही. त्याने बाकीचे स्क्रू एकेक भिंगाखाली मोजून बसवले आणि बटण दाबलं. पडदा काळा. काळाच. मग एक ठिपका उजळला, मग सगळा पडदा. हिने शेवटचा निरोप लावला.

"अगं, दूध उतू गेलं बघ. थांब, नंतर बोलते," ताई म्हणाली.

"बोल गं, मी आहे इथेच," ही म्हणाली आणि पालथ्या हाताने डोळे पुसले.

निघताना सर्जनने खणातून एक कागद काढला. सगळे दुरुस्तीवाले मिळून सरकारला अर्ज देणार होते: कंपन्यांनी सुटे भाग आणि नकाशे द्यावेत, आणि आपली वस्तू उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा हक्क प्रत्येक माणसाला असावा. हिने लगेच सही ठोकली. मलाही भरून आलं. म्हटलं, अगदी बरोबर, आण तो पेन इकडे.

सर्जनने पेन दिला नाही. त्याने कागद स्वतःकडे ओढला, 'प्रत्येक माणसाला' या शब्दांपुढे काहीतरी लिहिलं आणि हिला दाखवलं. हिने वाचलं, मान डोलावली आणि त्याच्याशेजारी आणखी एक सही केली.

मी चौथीच्या बळावर अक्षर अक्षर जुळवून वाचलं. लिहिलं होतं, 'हे काका सोडून'.