खरखरीचे कैवारी डोंगरेकाका

आमचे शेजारी डोंगरेकाका पाहुण्याला पाणी देतात आणि लगेच भिंतीकडे तोंड करून बसवतात. मग पाठीमागे एकच गाणं दोनदा वाजतं, एकदा कॅसेटवर, एकदा सीडीवर. कुठलं काय ते ओळखायचं. चुकलात तरी चहा मिळतो, पण काकांच्या नजरेत कीव असते.

काका रेल्वेतून निवृत्त झाले त्याच सुमारास आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. दुकानांत सीड्या झळकू लागल्या आणि काकांना आयतंच भांडण सापडलं. "सीडीत गाणाऱ्याचा दम ऐकूच येत नाही," ते म्हणत. "दम न घेता माणूस कसा गाऊन राहिला मंग?" टेपचं हेड ते कापसाने, स्पिरिट लावून पुसत. तेवढा वेळ घरात कोणी बोलायचं नाही.

एकदा मी खोडी काढली. सीडीवरचं गाणं कॅसेटवर उतरवून नेलं. काका डोळे मिटून डोलले. "हव! याले म्हणतात अस्सल आवाज!" मी खरं सांगितलं, तर म्हणाले, "कॅसेटनं सुधारलं त्याले." आता अशा माणसापुढे कोण डोकं फोडणार?

आणि गेल्या उन्हाळ्यात तेच काका एक जुनी कॅसेट घेऊन माझ्या दारात! फीत झिजत चालली होती. "बेटा, याची सीडी करून दे." मला हसूच आलं, पण त्यांचा चेहरा पाहून गिळलं.

पुरानी बस्तीतल्या दुकानदाराने सीडी अभिमानाने हातात दिली. "दीदी, शोर साफ कर दिया, और आखिर की फालतू बातें भी काट दीं."

काकांनी सीडी ऐकली. गाणं अगदी लख्ख होतं.

"यातली सुमन कुठं गेली?" ते म्हणाले.

सुमनकाकूंना जाऊन चार वर्षं झाली होती. ते गाणं काकांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलं होतं आणि गाणं संपता संपता काकू बोलल्या होत्या. काकांना तेवढंच हवं होतं. मला माझीच लाज वाटली. फीत आणखी एकदा चालेल की तुटेल, या धास्तीने मी दुकानात परत गेले. "भैया, कुछ भी साफ मत करना."

दुसरी सीडी लावली. खरखर, कुकरची शिट्टी, गाणं आणि शेवटच्या ओळीवर काकूंचा खणखणीत आवाज: "काहून हो, आज ड्युटीवर जायचं नाही का?"

काका हसले. मग चष्मा काढून डोळे पुसू लागले.

"गाणं खराब केलं म्हणून लय चिडलो होतो," ते म्हणाले. "चार दिवस बोललो नाही मी तिच्यासंग."