बारानंतर किती वेळा

शनिवार, चौदा जून, सकाळी पावणेआठ. रक्कम सहाशे पन्नास, रोख. हजर: मी, माझी बायको नीला, रक्त घ्यायला आलेली लॅबची मुलगी आणि तळमजल्यावरचे परबभाऊ. यांपैकी परबभाऊंना कोणी बोलावलं नव्हतं. माझ्या दंडाला पट्टा आवळला जात असताना ते आमच्या हॉलमधल्या खुर्चीत बसून त्या मुलीला विचारत होते, "तुझे बाबा आहेत ना गं? वय काय? रात्री किती वेळा उठतात?"

सुई जरा तिरकी गेली ती माझ्या मते त्यामुळेच.

हा प्रश्न आमच्या बिल्डिंगला नवा नव्हता. मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची सोसायटी, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. परबभाऊंचं दार जिन्याच्या पहिल्या पायरीसमोर. दार उघडं, दारात लाल प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत लेंगा-बंडीतले परबभाऊ, वय एकाहत्तर. पन्नाशीपुढच्या कुठल्याही पुरुषाला त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय वर जाता येत नाही की खाली उतरता येत नाही. आणि समोरून गेलं की नमस्कार नाही, कसं काय नाही. एकदम, "किती वेळा?"

म्हणजे रात्री लघवीला किती वेळा उठलास.

हातात भाजीची पिशवी असो, शेजारी सून असो, परबभाऊंना फरक पडत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे शहा आधी संतापायचे. पुढे त्यांनी क्रिकेटच्या पंचासारखी बोटं वर करून न थांबता निघून जायची पद्धत पाडली. तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी मानी गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना परबभाऊंनी गणपतीच्या आरतीत, ताम्हन पुढे करता करता, हळू आवाजात विचारलं. परबभाऊंच्या हळू आवाजाने आरती थांबली.

कुलकर्ण्यांनी विषय सर्वसाधारण सभेत आणला. मी सेक्रेटरी असल्याने इतिवृत्त माझ्या अक्षरात आहे. 'सभासदांना जिन्यात अथवा सामाईक जागेत खाजगी स्वरूपाचे प्रश्न विचारू नयेत.' सूचक कुलकर्णी. अनुमोदक परब. ठराव एकमताने मंजूर. सभा संपल्यावर परबभाऊ कुलकर्ण्यांजवळ गेले आणि म्हणाले, "ठराव झकास. आता तुमच्या घरी येऊन विचारतो. ती काय सामाईक जागा नाय."

परबभाऊ पाणीखात्यात होते. आधी चावीवाला, म्हणजे रस्त्यातलं झाकण उघडून ठरल्या वेळी वस्तीचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा. नंतर गळती शोधणाऱ्या टोळीत. त्यांची लोखंडी सळई अजून दाराआड उभी आहे. रस्त्यावर गाड्या नसताना ती जमिनीला टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि खालचा पाइप कुठे झिरपतोय ते ऐकायचं. "आवाज बारीक असतो ना, तेव्हाच खणायचं," ते सांगतात. "कारंजं उडाल्यावर काय रे, शेंबडं पोर पण सांगतं गळतंय म्हणून." हे मी त्यांच्याकडून किमान चाळीस वेळा ऐकलेलं आहे. दरवेळी मी मान हलवली आणि वर गेलो.

मी अंधेरीच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं हिशेब तपासतो. वय चोपन्न. या वयात माणसाला घरी आल्यावर चहा हवा असतो, जिन्यात चौकशी नको असते. तरी मी कधी टाळाटाळ केली नाही. रोज आकडा सांगायचो: "दोन." गेली दीड-दोन वर्षं दोन. परबभाऊ म्हणायचे, "दोन ठीक आहे. तिसरा आला की सांग," आणि मी सुटायचो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा नीला माझ्यामागून उतरत होती. मी "दोन" म्हटलं आणि मागून आवाज आला, "दोन? अहो, चार वेळा उठता तुम्ही!"

मी तिथेच खुलासा केला. साडेअकराला उठतो ती नोंद आदल्या दिवसाची. तारीख बारा वाजता बदलते. सव्वापाचला उठतो तेव्हा सकाळ झालेली असते. बारा ते पाच ही रात्र. त्या मुदतीतल्या नोंदी दोन. माझ्या दृष्टीने यात लपवाछपवी काही नव्हती.

परबभाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. एरवी ते कोणासाठी उठत नाहीत.

"मेल्या, मुताक काय तारीख असता?"

शहा वरून येत होते, ते तिथल्या तिथे मागे फिरले.

"वहिनी, ह्याचं रक्त तपासून घ्या. पी.एस.ए. म्हणायचं. पी, एस, ए. ह्या सेक्रेटरीच्या भरवशावर राहू नका, हा कटऑफ लावून बसलाय."

मी विरोध केला, तोही माहिती काढून. प्रोस्टेट ग्रंथीचा हा आकडा कॅन्सर नसतानाही वाढतो. वयाने वाढतो, जंतुसंसर्गाने वाढतो. वाढला की पुढे सुया, तपासण्या आणि फुकटचा घोर. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे. परबभाऊंनी ऐकून घेतलं.

"सळई टेकवली म्हणजे रस्ता खणला असं नाय रे. ऐकायला काय जातं तुझं?"

लॅबला फोन त्यांनीच केला.

आकडा सात पूर्णांक दोन आला. समोर छापलेलं होतं, चारपर्यंत. डॉक्टरांनी औषध देऊन सहा आठवडे थांबायला सांगितलं. पुन्हा रक्त दिलं: सात पूर्णांक चार. मग एमआरआय. मग सुईने तुकडे काढायची तपासणी, जिच्याबद्दल मी एवढंच म्हणेन की बसायला पाच दिवस उशी लागली. जून ते नोव्हेंबर मी तपासण्यांची निळी फाईल किती खिडक्यांवर उघडून दाखवली याचा हिशेब ठेवायचं मी मध्येच सोडून दिलं. मी हिशेब सोडला यावरून काय ते समजावं.

नीला या काळात बोलेनाशी झाली. रात्री मी उठलो की तिची कूस बदलायची. म्हणजे मोजलं.

परबभाऊंनी मात्र जून संपल्यापासून मला तो प्रश्न विचारणं बंद केलं होतं. मी समोरून गेलो की नुसती खुर्ची जरा मागे ओढायचे.

नोव्हेंबरात निकाल मिळाला. कॅन्सर आहे. लहान आहे, फार जोमाचा दिसत नाही, ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर कुठे गेलेला नाही. डॉक्टर म्हणाले, "चांगल्या वेळी सापडलं. लगेच कापाकापी नको. दर तीन महिन्यांनी रक्त, मधूनमधून बाकीच्या तपासण्या. हललं तर ऑपरेशन करू, आणि तेव्हाही वेळ आपल्या हातात असेल."

नीलाने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मी विचारलं, "चार वेळा उठत होतो ते यामुळेच ना?"

"बहुधा नाही," डॉक्टर म्हणाले. "ग्रंथी वयाने मोठी होते, त्यामुळे उठावं लागतं. हा आजार सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. म्हणून तर रक्त तपासायचं. तुम्हाला ते निमित्त मिळालं, एवढंच."

म्हणजे परबभाऊंचं शास्त्र चुकीचं होतं. इतक्या वर्षांत हातात आलेला हा पहिला पुरावा. घरी गेल्यावर त्यांच्या दारात उभं राहून हे सांगायचं, असं मी ठरवलं. त्या दिवशी मला तेवढाच एक आनंद दिसत होता.

पण दारापर्यंत जावंच लागलं नाही. आम्ही बाहेर आलो तर इंजेक्शनच्या खोलीसमोर, बाकाच्या टोकाला परबभाऊ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. माझ्या फाईलपेक्षा जाड.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दर तीन महिन्यांनी परबभाऊ जोगेश्वरीला बहिणीकडे जेवायला जातात. संध्याकाळी परत येतात ते पार थकून, आणि येताना बांगडे आणतात. "बहिणीने दिले," म्हणतात. दोन बांगडे आमच्याकडे येतात. त्या दिवशी ते बहिणीकडेच गेलेले होते. सकाळी मला तसं सांगून गेले होते.

नीला त्यांच्याजवळ जाऊन बसली. "भाऊ, बहीण कुठाय?"

"आहे ना बहीण," परबभाऊ म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण ती नालासोपाऱ्याला असते."

मग माझ्या फाईलकडे बोट करून विचारलं, "बाहेर गेलंय?"

"नाही. आतच आहे."

"झकास." त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. "झकास रे, सेक्रेटरी."

"तुमचं कधीपासून?" मी विचारलं.

"पाच वर्षं होतील. कंबर धरली म्हणून वर्षभर तेल चोळत बसलो. शेवटी फोटो काढला तर हाडात. आता इंजेक्शनावर थांबवून ठेवलंय. बरं होणारं नाय, पण थांबलंय."

"अहो, आख्ख्या बिल्डिंगला विचारत सुटलात, आणि स्वतः..."

"माका कोण विचारणार रे?" ते रागावले नव्हते. "ही गेली त्याच्या आधी. घरात मी एकटा. रात्री चारदा उठलो की सहादा, मोजूक कोण होता? तुझी चोरी वहिनींनी पकडली. माझी कोण पकडणार?"

आतून त्यांचं नाव पुकारलं. नर्सने फॉर्म पुढे केला. सोबतच्या नातेवाइकाचं नाव, या रकान्यात त्यांनी सवयीने लिहायला घेतलं, 'बहीण'. मी पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं. माझं नाव लिहिलं. नातं: शेजारी.

शास्त्र चुकल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पुढची तारीख मला एकोणीस फेब्रुवारी मिळाली होती, त्यांना दहा. मी खिडकीवर जाऊन माझी नऊ दिवस अलीकडे घेतली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत तारीख बदलून घेतल्याची ही माझी एकच नोंद.

दहा फेब्रुवारीला सकाळी सव्वासातला मी जिना उतरलो. लाल खुर्ची आत होती, परबभाऊ कुलूप लावत होते. मी विचारलं, "परबभाऊ, किती वेळा?"

त्यांनी वळून पाहिलं. कुलपाची किल्ली दोनदा तपासली.

"तीन."

"बारानंतरचे?"

"सगळे धरून. पाचचा पण धरलाय."

हॉस्पिटलात चार तास गेले. माझा आकडा सात पूर्णांक तीन, म्हणजे जागेवर. त्यांचं इंजेक्शन झालं. नर्सने त्यांना दहा मिनिटं बसून राहायला सांगितलं. तेवढ्यात त्यांनी शेजारच्या बाकावरच्या एका कोऱ्या करकरीत फाईलवाल्या माणसाला प्रश्न विचारला, आणि त्या माणसाने चक्क उत्तर दिलं.

परतताना त्यांनी मुलुंड स्टेशनबाहेर रिक्षा थांबवली. चालवत नव्हतं, तरी उतरले. बांगडे सहा, रुपये तीनशे, कोपऱ्यावरच्या मासेवालीला, रोख. मी पाकीट काढलं तर त्यांनी माझा हात खाली केला.

"ठेव. बहिणीने दिलेत ते. तू कसले पैसे देतोस?"

दिले परबभाऊंनी.