पुलाची पक्की बातमी

"गुरुवारी येते. चार दिवस राहीन म्हणते," नदीपलीकडे राहणारी ताई फोनवर शंकोबांना म्हणाली.

ताई आली की स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलत आणि त्याबरोबर बायकोचा चेहराही. शिवाय पन्नाशी उलटलेल्या शंकोबांना 'अजून थोडं घे' करत ताटावरून उठू दिलं जात नसे. कितीतरी महिन्यांनी मिळालेली चार दिवसांची रजा त्यांना लोळत काढायची होती. म्हणून तोंडाला आलं ते बोलून गेले.

"ताई, गुरुवारी पुलावरून येऊ नकोस."

"का रे छोट्या?"

"मला बोलता येत नाही. काय ते समजून घे."

शंकोबा सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात आहेत, एवढंच ताईला ठाऊक होतं. तिथे ते पडताळणी करत. खबऱ्यांना सांभाळणारे तळमजल्यावर, फोन ऐकणारे दुसऱ्या मजल्यावर आणि आलेल्या बातमीवर 'खरी', 'संशयास्पद' किंवा 'फुसकी' असा शेरा मारणारे शंकोबा तिसऱ्यावर. वीस वर्षांत त्यांनी इतक्या बातम्यांवर शंका घेतली होती, की त्यांचं खरं नाव खात्यात फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

सोमवारी टेबलावर कागद आला. 'गुरुवारी मोठ्या पुलावर घातपाताची शक्यता. सूत्र : नदीपलीकडचा दुकानदार.' शंकोबांनी चटकन 'फुसकी' लिहून टाकलं. मंगळवारी दुसरा आला. मजकूर तोच, सूत्र मात्र दवाखान्यातला कर्मचारी. शंकोबा जिने उतरून तळमजल्यावर धावले.

"हा दुकानदार कोण रे?"

"सूत्राचं नाव वरच्या मजल्याला सांगायचं नसतं, साहेब. नियम तुम्हीच शिकवलात."

"बरं, गल्ली तरी सांग."

"गल्लीपण नाही."

बुधवारी दुसऱ्या मजल्यावरून टाइप केलेलं संभाषण आलं. एक वयस्कर बाई मैत्रिणीला सांगत होती, 'माझा भाऊ आतल्या गोटातला आहे गं. बोलताना आवाज कापत होता त्याचा.' आवाज कापत वगैरे नव्हता. शंकोबा तेव्हा बिस्कीट खात होते.

मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. "तीन सूत्रं, तिघं एकमेकांना ओळखत नाहीत आणि बातमी एकच! पूल बंद करतोय. हा भाऊ कोण, ते तुम्ही शोधून काढायचं. रजा रद्द."

"साहेब, हा भाऊ फारसा विश्वासू नसावा."

"कशावरून?"

"एकंदरीत खोटारडा वाटतो. आळशीसुद्धा."

"शंकोबा, माणसांवर जरा विश्वास ठेवायला शिका!"

सगळं सांगून टाकावं म्हणून शंकोबांनी तोंड उघडलं. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. "बरं साहेब," म्हणून त्यांनी ते मिटलं.

गुरुवारी लख्ख ऊन पडलं होतं आणि पूल रिकामा होता. दोन्ही टोकांना पोलीस जांभया देत उभे राहिले. काहीच घडलं नाही. म्हणजे आपण वेळेवर अडवलं, असं म्हणून तळमजल्याने दुसऱ्या मजल्याची पाठ थोपटली. शंकोबा दिवसभर स्वतःला शोधत बसले. संध्याकाळी त्यांनी ताईला फोन लावला.

"तू कशाला येणार होतीस गं?"

"काही नाही रे. हल्ली डोळ्यांना धूसर दिसतं. तुमच्या बाजूच्या मोठ्या डॉक्टरांची आजची वेळ मिळाली होती, दोन महिने थांबून. आता तीन महिन्यांनंतरची दिलीय. तुला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही. जाऊ दे, जीव वाचला हे काय थोडं झालं?"

अनोळखी माणसांच्या बोलण्यातला शब्द न् शब्द तपासण्यात त्यांची उमर गेली होती आणि सख्ख्या बहिणीला त्यांनी 'का येतेस' एवढंही विचारलं नव्हतं.

"मी उद्या येतो. दुसरा डॉक्टर बघू."

"नको रे बाबा. तुझ्यामागे एवढा व्याप, त्यात माझं लोढणं कशाला? यापुढे मी फोनसुद्धा जपूनच करीन."

"ताई, ऐक. पुलाला काही होणार नव्हतं. मी खोटं बोललो. तू येऊ नयेस म्हणून."

ताई हळूच हसली.

"कळतं रे मला. तुम्हाला असंच सांगावं लागतं."

"अगं नाही, खरंच..."

"बरं, बरं. मी कुठे बोलणार नाही."

तिने फोन ठेवला खरा, पण नीट बंद झाला नव्हता. शंकोबांना तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ती शेजारणीला सांगत होती, "काही नव्हतंच म्हणतोय! म्हणजे प्रकरण किती मोठं असेल, तुम्हीच विचार करा."